पाणी प्यालेलं लोखंड

दिवाळीच्या तोंडावर गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये हलका धान कापणीला येतो आणि गावच्या लोहाराची झोप उडते. गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मी सकाळी सातला पोचलो, तेव्हा लोहाराच्या छपराखाली अकरा विळे ओळीने मांडलेले होते. कुणाची मूठ निखळलेली, कुणाचे दाते झिजून सपाट झालेले. दोघी बायका बाजूला उकिडव्या बसून होत्या. आज विळा हातात आला नाही तर त्यांचा मजुरीचा दिवस बुडणार होता.

छपरात अंधार होता. मी उजेडात सरकायला सांगेन असं वाटून लोहारकाका आधीच म्हणाले, "अंधारच लागते जी. उजेडात लोखंडाचा रंग दिसत नाही."

भट्टीजवळ पडलेला पट्टा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कापलेला होता. हजारो खेपा खड्ड्यांतून वाकून-उसळून जो पाटा तुटला, त्याचाच हा विळा होणार होता. काकांच्या बायकोने पंख्याचा दांडा फिरवायला घेतला. भात्याची जागा आता या हातपंख्याने घेतली आहे, पण वारा कधी वाढवायचा आणि कधी आवरायचा हे तिला कुणी सांगत नाही. पट्टा तापून लाल झाला, मग नारिंगी. सांडशीत धरून ऐरणीवर आला. घणाच्या पंधरावीस घावांत त्याला चंद्रकोरीचा बाक आला. मग छन्नीने आतल्या कडेवर बारीक दाते पाडले. हे काम लोखंड मऊ असतानाच उरकावं लागतं.

त्यानंतरचं काम मी तीनदा पाहिलं आणि तिसऱ्या वेळी मला ते कळलं. काकांनी विळा पुन्हा तापवला, पिकल्या बोराइतका लाल. मग फक्त धारेची कड मडक्यातल्या पाण्यात बुडवली, पाठ बाहेरच ठेवली. चर्रर्र असा आवाज झाला. दोनतीन क्षणांत विळा बाहेर काढून त्यांनी धार विटेच्या तुकड्यावर घासली, तशी पांढरी चकाकी आली. पाठीत अजून धग होती. ती धग हळूहळू धारेकडे सरकू लागली आणि चकाकीवर रंग उमटू लागले. आधी फिका पिवळा, वाळल्या तणसासारखा, मग तांबूस, आणि मागून जांभळा येऊ लागला. पिवळा रंग धारेच्या टोकाला टेकला तशी काकांनी सबंध विळा पाण्यात सोडला.

"जांभळा येऊ दिला असता तर?"

"मऊ पडला असता. पिवळा यायच्या आधी बुडवला असता तर दगडावर आपटून तुटला असता."

"हे कुठं शिकलात?"

"पाहूनच. पानी पाजल्याबिगर लोखंडाले धार नाही येत जी."

धातुशास्त्राच्या पुस्तकात हाच धडा आकड्यांत असतो. सुमारे 800 अंशांवर तापलेलं पोलाद एकदम निवलं की अतिशय कठीण होतं, पण ठिसूळही होतं. ते पुन्हा 230 अंशांच्या आसपास तापवलं, म्हणजे पृष्ठभागावर फिका पिवळा रंग येईपर्यंत, की कठीणपणा बहुतेक राहतो आणि ठिसूळपणा उतरतो. 300 अंशांकडे रंग निळा होतो आणि पातं लवचीक, पण धारेला मऊ होतं. छपरातल्या अंधारात उष्णतामापक नाही. तिथे डोळा आहे.

मला त्या वाक्यातल्या 'पाजल्याबिगर' या शब्दाने धरून ठेवलं. आपण घराघरात म्हणतो, विळी पाजवून आण, कोयता पाजवला का. पाजवणे म्हणजे धार लावणे, एवढाच अर्थ शहरात उरला आहे. पण त्या शब्दात 'पाजणे' स्पष्ट उभं आहे. बाळाला दूध पाजतात, गुरांना पाणी पाजतात, तसं लोखंडालाही पाणी पाजतात. ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा विचार आहे आणि त्यात उपकरणांना पाणी देण्याला 'पायना' म्हटलं आहे, म्हणजे पाजणंच. क्षार, पाणी आणि तेल अशा तीन प्रकारच्या पायना तिथे सांगितल्या आहेत, आणि हाड कापायचं की मांस की शीर, यावर कोणती द्यायची ते ठरतं. आजचे कारखानदारही पाण्यात, मिठाच्या पाण्यात आणि तेलात निववतात. पाण्यात झटकन, तेलात सावकाश.

मग आपण ज्याला दिवसभर 'स्टील' म्हणतो, त्याला मराठीत काय म्हणत होते? पोलाद म्हणावं, तर तो शब्द फारसीतून आलेला. हिंदी-उर्दूत तोच फौलाद झाला. मोल्सवर्थच्या कोशात मात्र याच अर्थी एक अस्सल घरचा शब्द आहे, तिखे. तीक्ष्ण या संस्कृत शब्दावरून आलेला. मिरचीचं तिखट आणि लोखंडाचं तिखे ही एकाच आईची लेकरं. रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यातला मधला हा. याशिवाय उत्तम जातीच्या लोखंडाला गजवेल म्हणत. गजवेलीची तलवार, गजवेलीची सुरी असे प्रयोग वाचणाऱ्यांना आठवतील. खुद्द 'लोखंड' म्हणजे लोहखंड, आणि 'लोह' हा शब्द मुळात तांबड्या धातूचा, तांब्याचा. लोहित म्हणजे तांबडा, यात तो अजून दिसतो.

इंग्रजी स्टीलचं मूळ जर्मानिक भाषांत आहे आणि त्याचा अर्थ आहे घट्ट उभं राहणारं, न हलणारं. फ्रेंचांचा 'आसिए' हा शब्द मात्र लॅटिनमधल्या धार या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे इंग्रजांनी पोलाद पाहिलं ते त्याच्या बळकटीत, आणि फ्रेंचांनी व आपण पाहिलं ते त्याच्या धारेत. कानडीत पोलादाला 'उक्कू' म्हणतात. दक्षिणेतलं हे मुशीत वितळवलेलं पोलाद युरोपात 'वूट्झ' या नावाने गेलं आणि 1795 साली जॉर्ज पिअरसन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याच्यावर निबंध वाचला. 'वूट्झ' हे उक्कूचंच बिघडलेलं रूप, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शास्त्राच्या भाषेत पोलाद म्हणजे लोखंड आणि किंचित कार्बन. कार्बन जवळजवळ नाहीच, ते घडीव लोखंड. वाकतं, पण धार धरत नाही. दोन टक्क्यांच्या वर गेला, की ते बीड. ओतता येतं, पण घणाखाली फुटतं. या दोन्हींच्या मधला अरुंद पट्टा पोलादाचा. काकांच्या कमानपाट्यात तो साधारण अर्धा टक्का असतो. शंभर किलोत अर्धा किलो, आणि तेवढ्यावर सगळा खेळ. हा कार्बन पूर्वी एकाच ठिकाणाहून येई, लाकडी कोळशातून.

गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट आणि त्यापुढच्या मंडला भागात अगारिया जमात पिढ्यान् पिढ्या मातीच्या भट्ट्यांत दगडातून लोखंड गाळत आली. व्हेरिअर एल्विन यांनी 1942 साली त्यांच्यावर सबंध पुस्तक लिहिलं. त्यांच्या देवांची नावं मला कोणत्याही व्याख्येपेक्षा नेमकी वाटतात. लोहासूर, कोयलासूर आणि अग्यासूर. लोखंड, कोळसा, आग. या तिघांना एका भट्टीत बसवलं की पोलाद होतं, आणि हे त्यांनी पूजेत बांधून ठेवलं. कारखान्यांचं स्वस्त लोखंड आलं, जंगलातल्या कोळशावर निर्बंध आले, भट्ट्या विझत गेल्या.

आणि लोखंड गाळणं विदर्भात नवंही नव्हतं. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली. माहुरझरीला सापडलेल्या त्याच काळातल्या एका छन्नीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, ती पोलादाची निघाली. अडीच हजार वर्षांपूर्वी इथल्या कुणीतरी त्या छन्नीचा रंग अंधारात पाहिला असणार.

विदर्भाची पोलादाशी दुसरी गाठ हुकली, आणि ती कशी हुकली हे इथल्या माणसाला माहीत असावं असं मला वाटतं. जमशेटजी टाटांनी नागपूरला 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केली होती. काही वर्षांनी चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या खनिजावरचा फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. खनिज उत्तम, जवळच वरोऱ्याचा कोळसा. टाटांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला, आणि तो पोलादाच्या भट्टीला निरुपयोगी ठरला. वीसेक वर्षांनी पुन्हा शोध सुरू झाला. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच. तिथे भिंतीवरच्या भूगर्भीय नकाशात दुर्ग भागावर काळसर खुणा दिसल्या. त्या खुणांवरून टाटांचे भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स वेल्ड दल्ली-राजहराच्या डोंगरांत पोचले. पायाखाली जवळजवळ शुद्ध लोहखनिज. पण आसपास योग्य कोळसा नव्हता, पुरेसं पाणी नव्हतं. 1904 मध्ये भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांचं मयूरभंजच्या खनिजाबद्दल पत्र आलं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. 16 फेब्रुवारी 1912 रोजी तिथे पहिलं पोलाद निघालं.

दल्ली-राजहराचे डोंगर पन्नास वर्षं थांबले. मग सोव्हिएत मदतीने भिलाई उभं राहिलं आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन केलं. देशातले रूळ प्रामुख्याने तिथेच लाटले जातात, आणि पश्चिमेकडे निघालेले रूळ दरेकशाच्या बोगद्यातून सालेकसा, आमगाव करत गोंदियाला येतात.

रुळांची ही गाडी एकदा मुद्दाम थांबून पाहावी. भिलाईत आता एकेक रूळ 130 मीटरचा लाटतात आणि दोन जोडून 260 मीटरचा करतात. एक रूळ, अनेक वाघिणींवर सलग पसरलेला. एका मीटरचं वजन 60 किलो. गाडी वळणावर आली की हे सगळे रूळ तिच्याबरोबर वळतात, एखाद्या वेलीसारखे. आपण ज्याला 'लोखंडासारखा कठोर' म्हणतो, ते इतकं लवतं. वळण सरलं की पुन्हा सरळ. उसाच्या कांड्यासारखा मोडत नाही आणि दोरीसारखा लोळतही नाही, इतक्या नेमक्या मापाचं ते पोलाद असतं.

गोंदिया स्टेशनाची गोष्टही रुळांचीच आहे. नागपूर–छत्तीसगढ रेल्वेची मीटरगेज लाइन 1880च्या दशकाच्या सुरुवातीला इथून गेली, पुढे बेंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली. 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत 762 मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज टाकली गेली. जुन्या माणसांना ती छोटी गाडी अजून आठवते. या लाइनने सातपुड्यातलं लाकूड खाली आणलं, आणि मँगनीज.

मँगनीजबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण पोलादाच्या कहाणीत आमच्या भागाचं खरं देणं तेच आहे. बालाघाटची भरवेली, उकवा, भंडारा जिल्ह्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आजही चालू आहेत. या पट्ट्यात पहिली कंपनी 1896 साली स्थापन झाली होती. आज या खाणी नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉईल कंपनीकडे आहेत. जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी बहुतेक सगळं पोलादालाच लागतं. पोलादात गंधक राहिलं, तर ते तापल्यावर लाटताना भेगाळतं. मँगनीज त्या गंधकाला धरून ठेवतं. 1856 मध्ये बेसेमरने हवेच्या झोतावर पोलाद करायची युक्ती काढली, तेव्हा त्याचं पोलाद फुटत होतं. रॉबर्ट मशेटने त्यात मँगनीजयुक्त लोखंड घालून ते सावरलं. अगारियांच्या तीन असुरांत हा चौथा कुणी ओळखला नव्हता, पण तो त्यांच्याच डोंगरांत झोपलेला होता.

मँगनीजचं सगळ्यात नवलाचं रूप गोंदिया जंक्शनच्या यार्डात पायाखाली असतं. मोठ्या मार्गावरून गाडी दुसऱ्या रुळावर जाते, तेव्हा एक रूळ दुसऱ्याला छेदतो. त्या ठिकाणी चाकाला एक फट ओलांडावी लागते आणि प्रत्येक चाक टोकावर घाव घालतं. हावडा–मुंबई मार्गावर दिवसरात्र गाड्या, प्रत्येक गाडीला शेकडो चाकं. साधं पोलाद इथे लवकर झिजतं. म्हणून हा भाग मँगनीज पोलादाचा ओततात. रेल्वेची माणसं त्याला सीएमएस क्रॉसिंग म्हणतात. 1882 साली शेफिल्डमध्ये रॉबर्ट हॅडफील्डने हे पोलाद शोधलं. त्यात मँगनीज 11 ते 14 टक्के असतं. त्याचा गुण असा, की ते घाव खाऊन कठीण होतं. बसवताना मऊसर, आणि चाकांनी ठोकठोकून वरचा थर दुपटीहून कठीण, आतला गाभा मात्र चिवट. त्याला चुंबकही चिकटत नाही. आणि पाण्याचा नियमही त्याच्याबाबत उलटा आहे. काकांचा विळा पाण्यात बुडवल्यावर ठिसूळ होतो. हे पोलाद हजार अंशांच्या वरून पाण्यात सोडलं की उलट चिवट होतं.

या क्रॉसिंगची रोज देखरेख करतो तो चाबीवाला. खांद्यावर हातोडा, पिशवीत क्लिपा, पायी चाल. रुळाला स्लीपरशी बांधणारी क्लिप सिलिकॉन-मँगनीज पोलादाची, म्हणजे लोहारकाकांच्या कमानपाट्याची सख्खी चुलतबहीण. ढिली क्लिप तो हातोड्याच्या आवाजावरून ओळखतो. एक डोळ्याने पोलाद वाचतो, दुसरा कानाने. शिकलेल्या माणसांनी या दोघांना अकुशल म्हणू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

घरात मात्र 'स्टील' म्हटलं की भांडी. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सगळा भाग भंडाऱ्याचा, आणि भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. आमच्या आजीच्या पिढीचं लग्न पितळी गुंडाने आणि हंड्याने झालं. तिच्या लेकीला स्टीलचा डबा मिळाला. कल्हई नको, चिंच-राख नको, डाळ कळकत नाही. बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलची वाटी द्यायची. दुकानात भांड्यावर नाव कोरायचं यंत्र घर्र करत फिरायचं आणि ताटाच्या पाठीवर तारखेसह आहेर देणाऱ्याचं नाव उमटायचं. त्या ताटांच्या पाठी म्हणजे आपल्या नातेसंबंधांची नोंदवही आहे. या स्टीलला गंज लागत नाही, कारण त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा वर धरतो आणि ओरखडा गेला तरी पुन्हा धरतो. शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये असं पोलाद ओतलं. एक सांगून ठेवतो, चुंबक चिकटला नाही म्हणजे भांडं भारी, ही समजूत पक्की नाही. महाग निकेलच्या जागी मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही.

त्या दिवशी दुपारी गावातून परतताना घरकुलाचं एक काम चालू दिसलं. सळाखी पडल्या होत्या, टीएमटी लिहिलेल्या. ही सळाख कारखान्यात कशी होते? लाल तापलेली असतानाच तिच्यावर पाण्याचे झोत सोडतात. वरचा थर झटकन कठीण होतो, आत धग राहते, आणि ती धग बाहेर येऊन वरच्या थराचा ठिसूळपणा काढते. सकाळी मडक्याजवळ हेच घडताना मी पाहिलं होतं. अब्जावधींच्या यंत्रात आणि त्या छपरात तत्त्व एकच. अभियांत्रिकीची जी मुलं हे फळ्यावरून उतरवून घेतात, त्यांना एक सकाळ लोहाराकडे नेलं पाहिजे.

नेणार कसं, हा प्रश्न आहे. काकांचा मुलगा मोटरसायकल दुरुस्त करतो. त्याने तसं करणं बरोबर आहे. विळ्यामागे जे हातात पडतं त्यात घर चालत नाही. धानाला हार्वेस्टर येतो, बाजारात तयार विळा मिळतो. मी कुणाला भट्टीपाशी बसून राहा म्हणणार नाही. पण त्या छपरातले शब्द भट्टीबरोबर विझू नयेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीचे शब्द गोळा करण्यात हयात घातली, म्हणून कितीतरी शब्द आज कागदावर आहेत. लोहारकामाचं असं वेगळं भांडार अजून गावोगाव पडून आहे. फिक्या पिवळ्याला, तांबसाला, जांभळ्याला लोहार काय म्हणतो? अर्धवट पाणी घेतलेल्या विळ्याला काय म्हणतो? पाणी जास्त झालं तर? यांतले काही शब्द मी त्या सकाळी वहीत उतरवले, पण एका गावाचे शब्द पुरेसे नाहीत.

तेव्हा या दिवाळीत गावी जाल, तर फराळाचा डबा घेऊन आपल्या लोहाराकडे एक तास बसा. वही न्या. तो काय करतो ते पाहा, आणि ते करताना काय म्हणतो ते त्याच्याच उच्चारात लिहून घ्या. सकाळी लवकर जा. ऊन वर आलं की रंग दिसत नाहीत.